वरुडकरांनी नावेचा दिवा बदलला

जबलपूरच्या अख्ख्या अधारताल वस्तीत मोहन वरुडकरांची नक्कल येत नाही असं पोर शोधून सापडणार नाही. नक्कल सोपी आहे. मान डावीकडे कलती करायची, चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरू द्यायचा, भिंतीवरच्या लोंबत्या वायरीकडे हवालदारानं पाकीटमाराकडे बघावं तसं बघायचं आणि म्हणायचं, "हे कोणी केलं? कोणी केलं हे?" पहिल्यांदा आवाज खाली, दुसऱ्यांदा वर. मग जिभेनं एक 'चक्'. बहुतेक पोरं हे 'चक्' आधीच करून टाकतात आणि तिथंच आपटतात. वरुडकरांचं 'चक्' सगळ्यात शेवटी येतं, जरासं थांबून, कुलूप लागल्यासारखं. ते अगदी बरोबर जागी टाकणारं माणूस जगात एकच, त्यांची धाकटी बहीण नंदा. आणि ती दोन महिन्यांपासून पायी नर्मदेची परिक्रमा करत होती.

वरुडकरांची सारी नोकरी सैन्याचे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात गेली, वायरिंगच्या शॉपमध्ये. ट्रक बर्फात जावो की वाळवंटात, त्याच्या पोटातली वायर निसटता कामा नये, ही त्यांची जन्माची काळजी. ते रिटायर झाले, काळजी काही रिटायर झाली नाही. ट्रक नाही तर लग्नाचा मांडव, नाही तर शेजाऱ्यांचा गीझर. हेमलताबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "लोक दुसऱ्याच्या घरी गेले की चहा घेतात. आमचे हे आधी स्विचबोर्ड पाहतात. मग चहा मिळतच नाही."

अशा माणसाला नर्मदेच्या ग्वारीघाटावर बळीराम बर्मनची नाव दिसली, ही कोणाची करणी म्हणायची?

बळीराम लोकांना ग्वारीघाटावरून पलीकडच्या गुरुद्वाऱ्याच्या काठावर नेतो, आणतो. नाव लाकडाची, जुनी, पण अंगानं भरलेली. तिच्या पुढच्या टोकाला एक बांबू, बांबूवर कुठल्याशा भंगारातल्या ट्रकचा हेडलाइट, आणि त्यात पिवळा बल्ब. घाटावरच्या बाकी सगळ्या नावांवर केव्हाचे पांढरे एलईडी आले होते. एकट्या बळीरामचाच दिवा राहिला होता पिवळा, मुरलेल्या तुपासारखा. बल्ब बॅटरी अशी पीत असे की आरती संपायच्या आत दिवा झोपायला लागायचा. मग रोज सकाळी बळीराम ती बॅटरी सायकलच्या कॅरियरला बांधून चार्जिंगला न्यायचा आणि रोज संध्याकाळी परत आणायचा. लोकांची बायको माहेरी जात-येत नसेल इतकी ती बॅटरी जात-येत होती.

एकदा वरुडकर नि हेमलताबाई नावेत असताना ऐन मधल्या धारेत दिवा विझला. हेमलताबाईंनी डोळे मिटून "नर्मदे हर" सुरू केलं. वरुडकर मात्र वाकून वायरी चाचपायला लागले.

"हे कोणी केलं? कोणी केलं हे?" चक्.

"हमई ने करो है साहब, और कौन करहे," बळीराम वल्ही मारत म्हणाला.

त्या दिवसापासून वरुडकर त्याच्या मागेच लागले. रोज संध्याकाळी पायरीवर बसायचं आणि बळीरामचं डोकं खायचं. बळीराम खूश असला की त्यांना 'बड्डे' म्हणायचा. जबलपुरात बड्डे म्हणजे दोस्त, भाऊ, गडी, सगळं काही. वैतागला की मात्र 'साहब'. साहबवरून वरुडकरांना कळायचं की आपलं सांगणं आता पोचायला लागलं आहे.

"पाहा बळीराम, तुमचा बल्ब उजेड कमी देतो आणि उष्णता जास्त. त्यावर पापड भाजून घ्या. एलईडी लावा, हीच बॅटरी चार-पाच दिवस ओढेल."

"काय बड्डे, बलब ने तुमाओ का बिगाड़ो? मैया खों पीरी रोशनी अच्छी लगत."

"नर्मदामैयानं तुम्हाला स्वतः सांगितलं?"

"मना भी तो नईं करो, साहब."

असा तो संवाद रोज एकाच जागी येऊन अडायचा, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुन्हा सुरू व्हायचा.

आता नंदाचं सांगितलं पाहिजे. नंदा शाळेत शिकवायची, रिटायर झाली, आणि देवउठनी, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर ग्वारीघाटावरूनच परिक्रमेला निघाली. परिक्रमेचा नियम साधा आहे आणि फार कडक आहे. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठंही ओलांडायची नाही. म्हणजे नंदा उत्तरेच्या काठानं अमरकंटकला गेली, उगमाला वळसा घातला, आणि आता दक्षिणेच्या काठानं खाली येत होती. संक्रांतीला ती ग्वारीघाटाच्या बरोबर समोर पोचणार होती. जिथून निघाली तो घाट समोर दिसणार, आरतीच्या घंटा ऐकू येणार, दादाचं घर रिक्षाच्या अंतरावर. पण तिथं पाऊल टाकायचं तर आधी पार समुद्रापर्यंत चालत जाऊन या काठानं परत यायचं. तिला नाव वर्ज्य होती. दादाला नव्हती.

मंडल्याच्या अलीकडून तिचा फोन आला होता.

"दादा, संक्रांतीच्या संध्याकाळी मी समोर आहे. घाटावर गर्दी राहील, तिथं मला शोधत फिरू नको. गुरुद्वाऱ्याच्या खालच्या अंगाला परिक्रमावाले चुली मांडतात न, तिथं बसते. तू बळीरामच्या नावेनं काठाकाठानं ये. तो पिवळा दिवा दिसला की मी हाक मारते."

"तुझा गुडघा कसा आहे?"

"गुडघा माझा आहे, मी पाहून घेईन."

"गोळ्या घेऊन राहिली का?"

"दादा, आवाज तुटून राहिला..."

आणि खरंच तुटला. त्यानंतर फोन लागेचना. एक दिवस, दोन दिवस, आठवडा झाला. 'आप जिस नंबर पर' म्हणणारी ती बाई वरुडकरांना पाठ झाली. त्या पट्ट्यात जंगल आहे, टॉवर नाहीत, हे त्यांना कळत होतं. पण कळणं वेगळं आणि काळजी वेगळी. नंदाचं वय बासष्ट, गुडघा दुखरा, आणि एकटी. ती एका रात्रीपेक्षा जास्त थांबणार नव्हती. संक्रांतीला दिसली नाही तर ती पुढं निघून गेली की मागंच कुठं पडून आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

काळजी वाढली की वरुडकरांचे हात शिवशिवतात. नंदाचं काही करता येत नव्हतं, तेव्हा ते अधिकच जोरानं बळीरामच्या दिव्यामागे लागले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ते बाजारातून स्वतःच एलईडीचा दिवा घेऊन घाटावर गेले.

"घ्या. माझ्याकडून तिळगूळ समजा."

बळीरामनं दिवा उलटासुलटा पाहिला. "इत्तो सो?"

"इत्ताच. आता गंमत बघा."

पहिली गंमत अशी झाली की दिवा लागलाच नाही. बळीरामनं तोंडातल्या तोंडात "हओ साहब" म्हटलं. मग वरुडकरांच्या लक्षात आलं की आपण तारा उलट्या जोडल्या. बल्ब बिचारा दोन्हीकडून जळतो, एलईडीला मात्र सुलट-उलट लागतं. तारा बदलल्या आणि असा पांढराशुभ्र उजेड पडला की पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून दुसरीकडे गेलं.

तेवढ्यात हेमलताबाईंचा फोन. "अहो, तीळ संपले. येताना आणा. आणि लवकर या, बायका येऊन बसल्या लाडू वळायला, अन् घरात तुमचा पसारा."

वायरीचा जोड म्हणजे टोकाला तांब्याचा लग, म्हणजे छोटी नळी, बसवून पकडीनं दाबलाच पाहिजे, हे वरुडकरांनी दोन पिढ्यांच्या कामगारांना ओरडून शिकवलं होतं. पण पक्कड होती घरी आणि फोन पुन्हा वाजत होता. त्यांनी तारा बोटांनी पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली आणि स्वतःलाच म्हणाले, "उद्या पक्कं करू." जुना पिवळा बल्ब नमुना म्हणून पिशवीत टाकला, तीळ घेतले आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं नावेत बसले. हेमलताबाईंच्या मांडीवर पिशवी. तिच्यात तिळगूळ, गुडघ्याचं तेल, लोकरीचे मोजे आणि नंदासाठी एक पिवळा खण. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. बळीरामनं दिवा लावला आणि ऐटीत म्हणाला, "काय बड्डे, अब तो हमाई नाव भी सबके जैसी हो गई!"

हेमलताबाईंनी मान वळवून दिव्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो. नंदाताईंनी काय सांगितलं होतं? कोणता दिवा?"

वरुडकरांनीही दिव्याकडे पाहिलं. "पिवळा," ते म्हणाले.

"मग हा काहून पांढरा आहे?"

"बदलला."

"कोणी?"

वरुडकर कानटोप सारखा करायला लागले. एवढा साधा प्रश्न, रोज स्वतःच दुसऱ्यांना विचारायचा, आणि स्वतःला विचारल्यावर बघा!

नदीभर पांढरे दिवे हलत होते. वीस नावा असतील नाही तर तीस, सगळ्या सारख्या. पलीकडच्या काठावर बसलेल्या बाईला त्यातली बळीरामची कोणती, हे ब्रह्मदेवही सांगू शकला नसता.

"पुराना बलब कहाँ है?" बळीरामनं विचारलं.

"घरी. नमुना म्हणून ठेवला."

"वाह साहब."

पलीकडच्या काठाशी आले तर आणखी एक संकट. दिवा पुढं, माणसं मागं. तो पांढरा उजेड जवळच्या पाण्यावरून डोळ्यांत असा घुसत होता की काठ काळाकुट्ट दिसायचा. चुलींचे लाल ठिपके तेवढे कळत. त्यांच्याभोवती कोण बसलंय ते नाही. आणि काठावरच्यांना नाव म्हणजे नुसता एक पांढरा गोळा. ना बळीरामचा फेटा दिसत होता, ना वरुडकरांचा कानटोप.

वरुडकर उभे राहिले आणि ओरडले, "नर्मदे हर!"

झालं. अख्ख्या काठानं उत्तर दिलं. "नर्मदे हऽऽर!" म्हातारे, बायका, पोरं, साधू, चहावाला. एक लाट गेली आणि दुसरी आली. काठावर हा नमस्कारही आहे आणि हाकही. आपल्यालाच बोलावलं असं प्रत्येकाला वाटतं.

"अहो, नाव घेऊन हाक मारा न!"

"नंदाऽ! एऽ नंदाऽ!"

पण तेवढ्यात समोरच्या घाटावर आरती सुरू झाली. ढोल, घंटा, भोंगा. 'नंदा'चा 'न' त्यांच्याच मफलरात अडकला. काठावर एक बाई आपली मुलगी शोधत होती, ती उलट यांनाच विचारायला लागली, "भैया, गुड़िया है का नाव में? लाल स्वेटर?"

"नाही जी, आमचीच हरवली आहे!"

वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. एका चुलीपाशी पांढऱ्या साडीतली बाई पाठमोरी दिसली. वरुडकर ताडकन पुढं वाकले. तिनं वळून पाहिलं, दुसरीच कोणी. परिक्रमेत सगळेच पांढऱ्या कपड्यांत, कोणाला ओळखायचं? वरुडकरांचा आवाज बसत चालला. त्यांना ती कुठंतरी जंगलाच्या वाटेत गुडघा धरून बसलेली दिसायला लागली होती आणि ते चित्र काही केल्या विझेना.

"ती आलीच नसेल तर?" ते हळूच म्हणाले. त्यांना असं हळू बोलताना हेमलताबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी पटकन पिशवीत हात घातला.

"आल्या असतील. हे घ्या, खण. दिव्यावर गुंडाळा. पिवळा होईल."

युक्ती वाईट नव्हती. वरुडकर बांबूपाशी गेले आणि खण दिव्याभोवती गुंडाळू लागले. उजेड पिवळा काही झाला नाही. कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांसारखा कसलासा हिरवट झाला.

"हे तर भूत दिसून राहिलं," हेमलताबाई म्हणाल्या.

"थांबा, आणखी एक घडी घालतो." वरुडकरांनी खण ओढला. बांबू हलला, बांबूबरोबर वायर हलली, आणि पुट्कन अंधार झाला.

"लाइट जलाओ भैया!" मागच्या नावेतून कोणी ओरडलं. "दिखत नईं का?"

बळीरामनं वल्ही थांबवली. नाव काठाला समांतर हळूहळू वाहत चालली. वरुडकर गुडघ्यांवर बसले, अंधारात वायरीवरून बोटं फिरवत गेले. टेप सुटलेली, तारा नुसत्या पिळलेल्या, लग नाही, काही नाही. मग जे व्हायचं ते झालं. आयुष्यभराची सवय, बहिणीची काळजी, आवाज बसलेला, तरी छातीतून निघालंच:

"हे कोणी केलं? कोणी केलं हे?" चक्.

समोरची आरती नुकतीच संपली होती.

"आपई ने तो करो है, साहब," बळीराम म्हणाला.

आणि काठावरून, काळ्या अंधारातून, अगदी जवळून आवाज आला. पहिल्यांदा खाली, दुसऱ्यांदा वर:

"हे कोणी केलं? कोणी केलं हे?"

मग जरा थांबून, बरोबर जागी: चक्.

वरुडकर असे उठले की नाव एका अंगावर कलली. "नंदा!"

"अरे बस, बस! पडशील! मेला दिवा केव्हाचा डोळ्यांवर मारून राहिले, मला वाटलं कोण लग्नाचे वऱ्हाडी आले! दोनदा समोरून गेले तुम्ही!"

"मग हाक काहून नाही मारली?"

"पांढऱ्या दिव्याला काहून मारू? मी पिवळा शोधून राहिली न!"

दिवा नव्हता म्हणून आता डोळ्यांना काठ दिसायला लागला. दोन चुलींच्या मधल्या दगडावर नंदा उभी होती. काठी, झोळी, कमंडलू, पांढरी साडी, वर कोणाचा तरी मोठा पुरुषी स्वेटर. वाळली होती, रापली होती. पण दोन पायांवर सरळ उभी. वरुडकरांनी आधी गुडघ्याकडे पाहिलं. मग बाकीच्या बहिणीकडे.

नाव दगडाला लागली. नंदा मागं सरकली. नावेला तिला पायही लावायचा नव्हता. वरुडकरच उतरले. एक चप्पल पाण्यात गेली, ती बळीरामनं वल्ह्यानं काढली. दादा बहिणीसमोर उभा राहिला.

"फोन?" एवढंच म्हणाला.

"मैयानं घेतला. आंघोळीला वाकले अन् कमरेतून गेला बुड्कन. दुसऱ्याचा मागितला, तर तुझा नंबर कुठं पाठ आहे? मोबाइल आल्यापासून कोणाला नंबर पाठ राहून राहिला, दादा?"

"गोळ्या?"

"संपल्या. बालाघाटची एक डॉक्टरीण भेटली वाटेत, परिक्रमेतलीच. तिनं दिल्या. स्वेटर तिच्याच नवऱ्याचा."

वरुडकरांच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. हसू होतं, पण रडण्याच्या रस्त्यानं आलं. आठवडाभराची काळजी जागच्या जागी विरघळली आणि एकदम त्यांना सपाटून भूक लागली. हेमलताबाईंना बळीरामनं हात धरून उतरवलं, नणंद-भावजयी गळ्यात पडल्या, तिळगूळ निघाला, चुलीवर चहा चढला. बळीरामलाही बोलावलं. खण मात्र बांबूवरच राहिला होता. हेमलताबाईंनी तो सोडून आणला, झटकला आणि नंदाच्या ओटीत घातला.

"मळ लागला असेल, धुऊन घ्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावानं दिव्याला नेसवला होता."

"पण वहिनी, दिवा बदलायचं सुचलं कोणाला?"

तिघांनी एकदमच वरुडकरांकडे पाहिलं. त्यांनी चहाचा मोठा घोट घेतला आणि तोंड भाजून घेतलं.

"दिओ बढ़िया है, बहनजी," बळीराम भलेपणानं म्हणाला. "बैटरी कल की आज तक चल रई. हम आज साइकिल पे नईं गए. कमर खों आराम है."

"पाहा," वरुडकर म्हणाले. "मी सांगून राहिलो होतो."

"फक्त रंग पिवळा आणा, बड्डे."

"पिवळ्या उजेडाचाही एलईडी मिळतो. उद्याच आणतो. आणि लग दाबून बसवतो. आणि वरून झडप लावू, डोळ्यांवर येणार नाही."

"वाह!" नंदा म्हणाली. "म्हणजे मी समुद्राकडून परत येईपर्यंत दादाचं चालूच राहील."

"त्याची काळजी करू नका," हेमलताबाई म्हणाल्या. "हे बंद पडत नाहीत."

निघताना नंदा दगडावर उभी राहिली. वरुडकरांनी एका चिठ्ठीवर आपला नंबर ठळक लिहिला, वर प्लास्टिक गुंडाळलं, ती तिच्या झोळीच्या आत सुईनं टाचली, आणि निघते का हे दोनदा ओढून पाहिलं. मग जोड त्यांनी दातांनी तारा सोलून, घट्ट पिळून, नंदानं दिलेल्या सुतानं आवळून बांधला. दिवा लागला.

नाव परत फिरली. मागून "नर्मदे हर" आलं, आणि या वेळी त्यातला एक आवाज कोणाचा, हे वेगळं ओळखू येत होतं. वरुडकर मागं बघत बसले होते; बऱ्याच वेळानं पुढं बघू लागले. त्यांचे खांदे खाली आले होते.

मधल्या धारेत समोरून एक नाव आली, फुलांच्या माळांनी आणि रंगीबेरंगी दिव्यांनी लगडलेली. तिची एक वायर सुटून चक्क पाण्यावर लोंबत होती. वरुडकरांनी पाहिलं. मान आपोआप डावीकडे कलली, चष्मा घसरला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

हेमलताबाईंनी पदर सावरला आणि कोपरानं ढोसलं. "विचारा, विचारा. आज माफ आहे."

"नाही, म्हणजे..." वरुडकर म्हणाले. नाव शेजारून सरकत होती. आता गेली असती.

"ओ भैया! हे कोणी केलं? कोणी केलं हे?"

मग जरासं थांबले. पण 'चक्' त्यांच्या आधी बळीरामनंच करून टाकलं. अगदी बरोबर जागी.